गारेच्या पोटातला जीव

बेळगावात एप्रिल-मे महिन्यात वळीव येतो तो वाजतगाजतच. दुपारी चार वाजता अंधारून येतं, वारा सुटतो आणि पत्र्यावर ताडताड गारा आपटायला लागतात. पोरं वाट्या घेऊन अंगणात धावतात. एखादी गार फोडून बघा, बऱ्याचदा मधोमध पांढुरका गाभा दिसतो. गार वाढायला सुरुवात तिथून होते, आणि त्या गाभ्यात जिवाणू असू शकतात. अमेरिकेत मोंटानामध्ये पडलेल्या गारांच्या गाभ्यात ते सापडले आहेत.

पाणी शून्य अंशाला गोठतं, असं आपण शाळेत शिकलो. ढगातला शुद्ध थेंब मात्र उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत पाणीच राहू शकतो. बर्फ धरायला त्याला कशाचा तरी आधार लागतो. धुळीचा कण चालतो, पण बहुतेक धूळ उणे १५ च्या खालीच कामाला येते. पानांवर राहणारा ‘स्यूडोमोनास सिरिंगी’ हा जिवाणू मात्र उणे २ अंशांनाच पाणी गोठवतो. त्याच्या अंगावरच्या प्रथिनाची ठेवणच अशी, की पाण्याचे रेणू त्यावर बर्फातल्यासारखे ओळीने बसतात. पानावर दव गोठलं की पेशी फुटतात आणि याला आतलं अन्न मिळतं.

मोंटानातले वनस्पतिरोगतज्ज्ञ डेव्हिड सँड्स गव्हाच्या रोगाचा माग काढत होते. त्यांनी विमानातून हात बाहेर काढून पेट्री डिश (जिवाणू वाढवायची उथळ ताटली) वाऱ्यात धरली, आणि पिकावरचा जिवाणू आभाळात सापडला. पानावरून ढगात, ढगातून पावसाबरोबर पुन्हा पानावर असं चक्र त्यांनी १९८२ मध्ये मांडलं. मला ही कल्पना फार मोलाची वाटते.

पण आपल्याकडचा सगळा पाऊस तिच्या खात्यावर टाकता येत नाही. खानापूर तालुक्यात घाटमाथ्यावरच्या जांबोटी-कणकुंबीला जून-जुलैत जी झड लागते, त्यातले बरेच ढग पाणी गोठायला लागतं त्या उंचीच्या खालीच असतात. तिथे थेंब थेंबाला मिळून पाऊस होतो, बर्फ लागत नाही. थेंब तयार व्हायला मात्र कण लागतोच, आणि खानापूरच्या रानात अशा कणांना तोटा नाही. पहिल्या पावसानंतर उगवणारी एकेक आळंबी सेकंदाला ३०,००० पर्यंत बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, सोडू शकते. प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा बारीक थेंब जमतो. तो बीजाणूच्या अंगावरच्या ओलीत मिसळला, की त्या झटक्याने बीजाणू उडतो. दमट हवेत अशा बीजाणूंवर पुन्हा पाणी धरतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे.

घाट उतारावरून पूर्वेला कृष्णाकाठी आलं, की दुसऱ्या बुरशींचे असेच बीजाणू डोकेदुखी होतात. उगार खुर्दच्या भागात सोयाबीनवर तांबेरा हा बुरशीचा रोग इतका हमखास येतो, की कुठली जात टिकते हे पारखायला संशोधक तिथेच पेरणी करतात. रोगट शिवारातून फिरून आलं की पँट तांबूस होते. ती तांबूस पूड म्हणजेच बीजाणू. वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी गव्हाच्या तांबेऱ्याबाबत दाखवून दिलं, की सपाटीवरच्या उन्हाळ्यात तो तगत नाही, डोंगराळ भागातून वाऱ्यावर पुन्हा येतो. दक्षिणेत त्याचं ठाणं निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत.

म्हणून शेजारच्या बांधावर कोण फवारतो, एवढं पाहून भागत नाही. पाऊस हवेतले बीजाणू धुऊन खाली आणतो, आणि रुजायला लागणारी ओलही तोच देतो. सोयाबीनचं पान सहा तास जरी ओलं राहिलं, तरी तांबेरा आत शिरू शकतो. नऊ-दहा दिवसांत पानाच्या खालच्या बाजूला फोड येतात. मग उघडीप पडते, ऊन येतं, दुपारचा वारा पानं हलवतो आणि ती तांबडी पूड पुन्हा वर निघते.