हद्दवाढीआधीची वस्ती: खानदेशातील उपनगरांच्या नियोजनाची पार्श्वभूमी

धुळे महापालिकेची हद्दवाढ २०१८ मध्ये झाली आणि वलवाडी, महिंदळे, भोकर, अवधान, बाळापूर, वरखेडी यांसारखी गावे ग्रामपंचायतींच्या कारभारातून निघून महापालिकेत आली. रस्ते, गटारी, घरपट्टी आणि कॉलन्यांमधील खुल्या जागा यांवरून अशा नव्या भागांत जे वाद होतात, त्यांचे मूळ हद्दवाढीच्या अधिसूचनेत शोधून सापडत नाही. ते त्याहून बरेच जुने आहे. खानदेशातील शहरांभोवती वस्ती आधी झाली, हद्द नंतर सरकली आणि आराखडा सर्वांत शेवटी आला, आणि हा क्रम कसा रूढ झाला हे पाहिल्याशिवाय आजच्या तक्रारींचा अर्थ लागत नाही.

उलट क्रमाचे उदाहरणही धुळ्यातच आहे. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे कारभाराचे मुख्य ठिकाण केले, जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ आखून घेतली आणि व्यापाऱ्यांना तेथे वसण्यास उत्तेजन दिले. या आखणीचे श्रेय पुष्कळदा सर विश्वेश्वरय्या यांना दिले जाते. त्यांनी सरकारी नोकरीच्या आरंभी, १८८४ च्या सुमारास, खानदेशात पाटबंधाऱ्याचे काम केले हे खरे आहे. परंतु पेठेची आखणी झाली तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. नवी पेठ यशस्वी झाली याचे कारण साधे होते: जमीन, अधिकार आणि पैसा एकाच हातात होता. तेथे विचारायचे कोणाला हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

लोकांनी मिळून जमिनीचा वापर ठरवण्याची परंपरा मात्र शहराबाहेर होती. पांझरेच्या काठची फड पद्धत तिचा ठळक नमुना आहे. बंधाऱ्याखालील भिजणारे क्षेत्र फडांत वाटलेले असे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पिकांची पाळी ठरलेली, आणि पाण्याची वाटणी पाटकरी (पाणी सोडणारा) व जागल्या (राखणदार) यांच्यामार्फत होत असे. स्वतःच्या शेतातही शेतकऱ्याला मनाजोगे पीक घेता येत नव्हते, आणि तरीही ती शिस्त शतकानुशतके टिकली, कारण नियम करणारे आणि पाळणारे एकच होते. नगरपालिकांना असे अधिष्ठान कधी लाभले नाही.

धुळ्याची नगरपालिका १८६२ मध्ये आणि जळगावची १८६४ मध्ये स्थापन झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला चढे भाव आले होते, रेल्वे आली होती आणि जळगाव पाहता पाहता कापसाची मोठी पेठ बनले होते. बाजाराची स्वच्छता, दिवाबत्ती आणि रस्ते सांभाळणारी संस्था सरकारला हवी होती. आरंभीचे कारभारी मंडळ सरकारने नेमलेले आणि कलेक्टरच्या वर्चस्वाखालचे असे. निवडणुकीचे तत्त्व लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर रुजले, तेही मर्यादित मतदारांपुरते. शहर कोणत्या दिशेने वाढावे, हा या मंडळांच्या अखत्यारीतील विषयच नव्हता.

तो विषय कायद्याने फार उशिरा आणला. मुंबई प्रांताच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात एखाद्या भागापुरती योजना करण्याची मुभा होती. संपूर्ण हद्दीची विकास योजना करण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने घातले आणि पुढे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ने आजची चौकट दिली. विद्यमान जमीन वापराचा नकाशा, प्रारूप योजना, हरकती व सूचनांसाठी तीस दिवस, नियोजन समितीपुढे सुनावणी आणि अखेर शासनाची मंजुरी असा विकास योजनेचा प्रवास असतो. महापालिकेच्या बाबतीत या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात, आणि नगररचनेचे वा पर्यावरणाचे जाणकार म्हणून आणखी चारपर्यंत व्यक्ती वरून नेमल्या जातात. अंतिम शब्द शासनाचा. नगरसेवकाकडे जाऊन ‘आमच्या प्लॉटवरचे आरक्षण उठवा’, म्हणजे योजनेत बाग, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा मोकळी करा, असे म्हणणाऱ्या नागरिकाला हे सहसा ठाऊक नसते.

खरी अडचण हद्दीच्या रेषेवर होती. विकास योजना रेषेच्या आत संपत असे आणि प्लॉट रेषेबाहेर पडत. शेताला बिनशेती परवानगी देण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे होता. शेतकरी किंवा विकासक अर्ज करी, नगररचना विभागाचा अभिप्राय घेऊन लेआउट, म्हणजे प्लॉट व रस्त्यांची आखणी, मंजूर होई, आणि कपाशीच्या काळ्या जमिनीत चुन्याच्या खुणा पडत. प्रत्येक लेआउट स्वतःपुरता नियमात बसणारा असला तरी शेजारच्या लेआउटचा रस्ता त्याच्या रस्त्याला मिळेलच असे नसे. नाला कोणाच्या बांधावरून वाहतो, पावसाळ्यात पाणी कुठे साचते, याचा संपूर्ण शिवारासाठी विचार करणारी यंत्रणा अस्तित्वात नव्हती. गटार आणि दिवे यांचा भार मात्र ग्रामपंचायतीवर येत असे, आणि तिचे उत्पन्न तर गावाच्या मापाचे.

याच्याही बाहेर गुंठेवारी होती. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा लहान तुकड्यांची विक्री अडवत असल्यामुळे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे व्यवहार साध्या करारावर होत, सातबाऱ्यावर मूळ मालकाचेच नाव राही किंवा अनेकांची नावे सामाईक लागत. शहरात रोजगारासाठी आलेल्या कुटुंबाला परवडणारी जागा तीच असे, म्हणून तिला केवळ अनधिकृत म्हणून सोडून देणे अन्यायाचे ठरेल. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतच्या अशा वस्त्या नियमित करण्याची वाट काढली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. वीस वर्षांची वस्ती एका दुरुस्तीने आत आली, यावरून नियोजन किती मागे राहिले होते ते दिसते.

जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिका २००३ मध्ये महापालिका झाल्या. पिंप्राळा, मेहरूण ही एके काळची गावे आज जळगाव शहरात मुरली आहेत. हद्दीत आलेल्या भागाला विकास योजना लागू करताना जे आरक्षण टाकायचे, ते बहुधा आधीच वसलेल्या किंवा विकल्या गेलेल्या जमिनीवर टाकावे लागते. ती जमीन ताब्यात घेण्यासाठी पैसा लागतो आणि तो नसतो. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीत, जी आता चोवीस महिने आहे, कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द होते. बाग किंवा शाळेची जागा अशी हातातून जाते. मोठ्या लेआउटमध्ये सोडावी लागणारी दहा टक्के खुली जागा हाच मग कॉलनीचा एकमेव आधार उरतो. ‘ओपन स्पेस’ म्हणून सर्वांच्या तोंडी असलेल्या त्या तुकड्यावर सभामंडप बांधायचा की मुलांना खेळायला ठेवायचा, यावरची भांडणे म्हणूनच इतकी तीव्र असतात.

१९९३ मध्ये लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरी स्थानिक संस्थांकडे सोपवण्याजोग्या विषयांच्या यादीत, नगरनियोजन हा पहिलाच विषय आहे. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार होती, त्यामुळे दोन्ही शहरे या तरतुदीत बसतात. साक्री, शिंदखेडा किंवा बोदवडसारख्या नगरपंचायतींना ती लागू नाही. दरम्यान राज्याने नियम एकसारखे आणि सोपे करण्याचा मार्ग धरला: २०१७ पासून विकास योजनेतील आणि गावठाणालगतच्या दोनशे मीटरपर्यंतच्या जमिनींसाठी बिनशेतीची स्वतंत्र परवानगी मागण्याची गरज उरली नाही, आणि डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. अर्जदाराचे हेलपाटे त्यामुळे कमी होऊ शकतात, परंतु स्थानिक सभागृहाने ठरवण्याजोगे आधीच थोडे होते, ते आणखी थोडे झाले.

२०२३ मध्ये दोन्ही महापालिकांच्या सभागृहांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधील निवडणुकांपर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. सभागृह नसले तरी अर्ज, परवानग्या आणि बांधकामे थांबत नाहीत, आणि त्या काळात विकास योजनेविषयी जे ठरले त्याचा जाब विचारायला प्रभागात निवडून आलेला सदस्य नव्हता.