ड्युअल बूटमुळे जुना संगणक मंदावतो?

‘ड्युअल बूट केलं, म्हणजे एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलं, की तो मंदावतो’ हा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो चुकीचा आहे. संगणक सुरू करताना तुम्ही एकच प्रणाली निवडता. दुसरी तेव्हा डिस्कवर नुसती पडून असते. रॅम नाही, प्रोसेसर नाही, ती काहीच वापरत नाही. दोन्ही एकदम चालतात त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका प्रणालीच्या आत सॉफ्टवेअरच्या मदतीने दुसरी चालवतो तेव्हा. गल्लत बहुधा तिथूनच होते.

खर्च होते ती डिस्कवरची जागा. एमबीआर (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत) असलेल्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन, म्हणजे मुख्य भाग, ४च करता येतात, हे आधी तपासा. अशा डिस्कवर विंडोज नंतर टाकलंत तर ते लिनक्सचा बूटलोडर (संगणक सुरू होताना प्रणाली निवडून चालू करणारा छोटा प्रोग्राम) पुसतं, म्हणून आधी विंडोजच टाका. आणि पार्टिशन लहान करण्यापूर्वी बॅकअप घ्याच, अगदी कळकळीने सांगतो.