तुमचा फोटो डेस्कटॉपवर नीट बसवताना

आमच्याकडून फोटोंच्या फाइल नेल्यावर बरेच ग्राहक त्यातला एखादा आवडता फोटो कॉम्प्युटरवर वॉलपेपर म्हणून लावतात. आणि मग विचारणा होते: चेहरे फुगल्यासारखे का दिसतात? मागच्या रांगेतल्यांची डोकी का कापली गेली? फोटो धुरकट का आला? फाइल बिघडलेली नसते. फोटोची चौकट आणि पडद्याची चौकट एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून हे होतं. जुळवून घ्यायला फार वेळ लागत नाही आणि विकतचं सॉफ्टवेअरही लागत नाही.

आधी पडद्याचं माप बघा

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले असं गेलात की ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’समोर दोन आकडे दिसतात. पहिला रुंदीचा, दुसरा उंचीचा, दोन्ही पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्र ज्यांचं बनतं त्या बारीक ठिपक्यांमध्ये. पुष्कळ मॉनिटरवर ते १९२०×१०८० असतात, जुन्या लॅपटॉपवर १३६६×७६८, फोर-के पडद्यावर ३८४०×२१६०. हे आकडे कागदावर लिहून ठेवा. त्यांच्याजवळच १२५ किंवा १५० टक्के असा ‘स्केल’ दिसेल. तो अक्षरं मोठी दिसण्यासाठी असतो, आपल्या कामाचा नाही. पडदा किती इंची आहे हेही इथे विचारात घ्यायचं नाही. २४ इंची मॉनिटर आणि १४ इंची लॅपटॉप दोन्ही १९२०×१०८०चे असतील, तर दोन्हींना एकच फाइल चालते.

वरच्या तिन्ही मापांचं रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ किंवा त्याच्या अगदी जवळचं आहे. काही लॅपटॉप १६:१०चे असतात, जसं १९२०×१२००. फोटोचं प्रमाण मात्र वेगळं असतं. डीएसएलआर कॅमेऱ्याचा फोटो साधारणपणे ३:२, मोबाइलचा ४:३. म्हणजे फोटो जसाच्या तसा लावला तर कुठे ना कुठे तडजोड होणारच. ती तुम्ही ठरवली नाही, तर कॉम्प्युटर ठरवतो. वॉलपेपरच्या सेटिंगमध्ये फोटो बसवण्याचे पर्याय असतात. त्यात ‘स्ट्रेच’ निवडलं असेल तर तो फोटो दोन्ही बाजूंना ताणतो, आणि ४:३चा फोटो १६:९वर ताणला की प्रत्येक चेहरा उंचीच्या मानाने एक तृतीयांशाने रुंद होतो. माणसांच्या फोटोला स्ट्रेच कधीही वापरू नका, ही आमची कळकळीची विनंती. ‘फिट’मध्ये फोटो पूर्ण दिसतो, पण बाजूला पट्ट्या उरतात. ‘फिल’मध्ये पडदा भरतो, पण वरचा-खालचा भाग कॉम्प्युटर स्वतःच्या हिशेबाने छाटतो. फोटोत कोण कुठे उभं आहे, हे त्याला कळत नाही.

म्हणून कातरी स्वतःच्या हातात ठेवा

समजा, मोबाइलवर काढलेला घरच्यांचा ग्रुप फोटो आहे, ४०००×३००० पिक्सेलचा. मोठी माणसं मागे उभी, मुलं पुढे बसलेली. १६:९ करायचा तर रुंदी ४००० तशीच ठेवून उंची २२५० करावी लागते. म्हणजे ७५० पिक्सेल, उंचीचा पाव भाग, जाणार. तो कुठून काढायचा? मागच्या रांगेच्या डोक्यांवर थोडी मोकळी जागा राहू द्या आणि बाकीचं खालून घ्या, जमिनीचा नि पावलांचा भाग. पावलं गेलेली कुणाला खटकत नाहीत, केस कापलेले लगेच खटकतात. विंडोजच्या फोटोज ॲपमध्ये फोटो उघडून एडिटमधलं क्रॉप (कातरणं) निवडा, प्रमाण १६:९ ठरवा आणि चौकट वर-खाली सरकवून पाहा. जिंप हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातही क्रॉप करताना प्रमाण पक्कं करता येतं.

क्रॉप झाल्यावरच रिसाइज करा, म्हणजे माप बदला. क्रॉप केलेला ४०००×२२५०चा फोटो पेंटमध्ये उघडा, रिसाइजमध्ये पिक्सेल निवडा, ‘मेन्टेन ॲस्पेक्ट रेशो’वर खूण असू द्या आणि रुंदीत १९२० लिहा. उंची आपोआप १०८० येईल. दुसराच आकडा आला, तर क्रॉपमध्ये प्रमाण चुकलंय असं समजा आणि मागे जा. लहान केल्यावर फोटो किंचित मऊ वाटला तर हलकं शार्पनिंग (कडा ठळक करणं) द्यायला हरकत नाही. केसांभोवती पांढरी कड दिसू लागली की जास्त झालं.

डीपीआय (छापताना एका इंचात किती ठिपके) ७२ ठेवायचा की ३००, हे आम्हाला वारंवार विचारलं जातं. पडद्यासाठी काहीही ठेवा. तो आकडा छपाईसाठी आहे, पडदा फक्त पिक्सेल मोजतो.

फोटो लहान असेल तर

मोठ्याचा लहान करणं सोपं, उलट मात्र नाही. ८००×६००चा फोटो १९२० रुंदीचा करता येतो, पण जो तपशील कॅमेऱ्याने टिपलाच नाही तो ताणून येत नाही. पिक्सेल पसरतात आणि फोटो धूसर होतो. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो वाटेतच लहान झालेला असतो, त्यामुळे धुरकटपणाची तक्रार बहुधा अशाच फाइलबाबत असते. मूळ फाइल मागून घ्या, आणि मागताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मूळ मिळणारच नसेल, जसं एखाद्या जुन्या फोटोचं होतं, तर तो आहे त्या मापात ‘सेंटर’ करा आणि भोवती फोटोतलाच एखादा गडद रंग पार्श्वभूमीला द्या. जुना फोटो ताणण्यापेक्षा असा कितीतरी देखणा दिसतो.

उभ्या फोटोंनाही हाच उपाय बरा. ३०००×४०००चा उभा फोटो १६:९ केला तर निम्म्याहून जास्त फोटो जातो, आणि पूर्ण उंचीचं माणूस त्यात मावतच नाही.

आयकॉनना जागा

विंडोजमध्ये आयकॉन डावीकडून भरत येतात, मॅकवर उजवीकडून. मुख्य चेहरा त्याच बाजूला आला की त्याच्या गालावर फोल्डर बसलेलं दिसतं. क्रॉप करतानाच चेहरा विरुद्ध बाजूला राहील असं पाहा, आणि टास्कबारसाठी खाली थोडी जागा सोडा. विंडोज एक्सपीची हिरवी टेकडी आणि निळं आभाळ बऱ्याच जणांना आठवत असेल. चार्ल्स ओरिअर यांनी १९९६मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला तो खराखुरा फोटो आहे. त्यात बारीकसारीक गर्दी नाही, त्यामुळे आयकॉनखालची नावं सहज वाचता येतात. तुमच्या फोटोंतून वॉलपेपर निवडताना हे जरूर बघा. भिंतीवर शोभणारा भरगच्च फोटो डेस्कटॉपवर डोळ्यांना त्रास देऊ शकतो.

शेजारी-शेजारी १९२०×१०८०चे दोन मॉनिटर असतील आणि एकच फोटो दोन्हींवर पसरायचा असेल, तर ३८४०×१०८०ची फाइल करून ‘स्पॅन’ निवडा. दोन पडद्यांच्या मधल्या सांध्यावर कुणाचा चेहरा येऊ देऊ नका.

तयार फाइल नव्या नावाने सेव्ह करा. मूळ फाइलवर सेव्ह करू नका, कारण कापलेला भाग पुन्हा मिळणार नाही. शिवाय जेपीईजी (फोटोंचा नेहमीचा फाइल-प्रकार) बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडा दर्जा उतरतो. क्वालिटी विचारली तर ९०च्या आसपास ठेवा. फोटोवर अक्षरं किंवा रेघांचं चित्र असेल तर पीएनजी हा फाइल-प्रकार घ्या.

हे काम आमच्याकडून करून हवं असेल तर मूळ फाइल, पडद्याचे दोन आकडे, मॉनिटर किती आहेत आणि फोटोतलं कोण अजिबात कापलं जाऊ नये, एवढं कळवा.