मावशीची बोटं आणि न थांबणारी इम्युनिटी

माझी मावशी म्हणजे पहाटे साडेपाचला उठून चार डब्यांच्या पोळ्या करणारी बाई. तीन वर्षांपूर्वी एकदा फोनवर सहज बोलता बोलता म्हणाली, अगं हल्ली सकाळी कणीकच मळता येत नाही, बोटं आखडलेली असतात, सांडशीने पातेलं धरायला गेलं तर पकड बसत नाही, आणि गंमत म्हणजे दहा-साडेदहा वाजले की हळूहळू सगळं सुटतं, मग मी भांडीसुद्धा घासते. घरात ज्याने त्याने आपापलं निदान सांगून झालं होतं. वात आहे, वय झालं (वय ४६!), थंड पाण्यात हात घालतेस, कॅल्शियम कमी असेल, युरिक ॲसिड बघ. युरिक ॲसिड नॉर्मल आलं तरी डाळ आणि दही बंद झालं ते झालंच. मग सोसायटीतल्या एका काकूंनी खात्रीचा उपाय सांगितला, तुझी इम्युनिटी कमी झालीये, रोज उपाशीपोटी गुळवेलीचा काढा घे.

हे काकूंचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण पुढे जे निदान झालं ते याच्या बरोबर उलटं होतं. मावशीला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. यात इम्युनिटी कमी झालेली नसते, ती कामाला लागलेली असते आणि काम संपलं तरी थांबत नाही, आणि काम कुठे चाललंय तर आपल्याच सांध्यात.

कोविडनंतर आपण सगळे इम्युनिटी या शब्दाकडे मोबाइलच्या बॅटरीसारखं बघायला लागलो, ८० टक्के आहे, चार्ज करून १०० करू. तशी ती नाहीये. वेगवेगळ्या पेशी, त्यांचे एकमेकींना निरोप, आणि तितकेच महत्त्वाचे ब्रेक, असा तो सगळा पसारा आहे. त्यातल्या टी पेशींचं उदाहरण घ्या. उद्या कुठला जंतू येईल हे शरीराला माहीत नसतं, म्हणून या पेशी बनताना त्यांचे रिसेप्टर जीन्सचे तुकडे उलटसुलट जोडून अक्षरशः अंदाजपंचे बनवले जातात. म्हणजे कोट्यवधी वेगवेगळ्या किल्ल्या, कुठली तरी कुठल्या तरी कुलपाला लागेल. पण अंदाजपंचे बनवल्यावर काही किल्ल्या आपल्याच घराच्या कुलपाला लागणार, नाही का? म्हणून छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी आहे, तिथे या पेशींची परीक्षा होते. थायमसला शरीरभरातल्या प्रोटीनचे नमुने स्वतःच तयार करून दाखवता येतात, अगदी स्वादुपिंडातलं इन्सुलिनसुद्धा, आणि जी पेशी आपल्याच नमुन्याला घट्ट चिकटते तिला तिथेच मारून टाकलं जातं. जी काहीच ओळखत नाही तीही जाते. निकाल एमपीएससीसारखा, शंभरातल्या पाचसुद्धा धड बाहेर पडत नाहीत.

तरी काही चुकार पेशी सुटतातच, आणि त्या सगळ्यांच्या अंगात असतात, तुमच्या माझ्यासुद्धा. मग आपण सगळेच आजारी का नाही? याचं उत्तर शोधणाऱ्यांना २०२५ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं की टी पेशींमध्येच एक छोटा गट असा आहे ज्याचं काम इतरांना आवरायचं आहे, म्हणजे भांडणात दोघांना धरून मागे ओढणारा तो एक मित्र असतो ना, तसा. हे तेव्हा फार कुणाला पटलं नव्हतं. नंतर २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रँको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना फॉक्सपी-३ नावाचं जीन सापडलं, एका अशा उंदरांच्या जातीत ज्यांची इम्युनिटी स्वतःच्याच शरीरावर तुटून पडायची आणि ते काही आठवड्यांत मरायचे. हे जीन बिघडलं की आवरणाऱ्या पेशी नीट तयारच होत नाहीत. माणसातही हे जीन बिघडलेली बाळं जन्माला येतात, फार क्वचित, पण त्यांना महिन्या-दोन महिन्यांच्या वयातच डायबिटीस, जुलाब, त्वचेचे आजार सगळं एकदम सुरू होतं.

शरीर स्वतःवरच उलटू शकतं हे मान्य करायलाच शास्त्रज्ञांना खूप वेळ लागला, ही मला यातली सगळ्यात रंजक गोष्ट वाटते. पॉल एर्लिख हा केवढा मोठा जर्मन शास्त्रज्ञ, त्याने १९०० च्या सुमारास बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचं रक्त टोचलं तर अँटिबॉडी तयार झाल्या, स्वतःचंच रक्त टोचलं तर नाही झाल्या. त्यावरून त्याने याला हॉरर ऑटोटॉक्सिकस असं नाव दिलं, म्हणजे स्वतःचं विष स्वतःला लागण्याची शरीराला वाटणारी धास्ती. लोकांनी याचा अर्थ असं होऊच शकत नाही असा घेतला, आणि पुढची पन्नास वर्षं उलटे पुरावे समोर आले तरी ते बाजूला सारले गेले. १९५६ मध्ये लंडनच्या रॉइट, डोनियाक आणि कॅम्पबेल यांना हाशिमोटो नावाच्या थायरॉइडच्या आजाराच्या पेशंट्सच्या रक्तात त्यांच्याच थायरॉइडविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या तेव्हा कुठे गाडी हलली. तुमच्या घरात कुणीतरी रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेत असेल तर बऱ्यापैकी शक्यता आहे की तो हाच आजार आहे.

आता सूज. सूज आली की आपल्याला वाटतं काहीतरी बिघडलं, पण सूज ही मुळात दुरुस्ती आहे. बोटाला काटा लागला की तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी आणि पेशी बाहेर झिरपतात, म्हणून लाल, गरम, सुजलेलं, दुखरं. ही चार लक्षणं रोमच्या सेल्ससने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलीयेत. काटा निघाला, जंतू मेले की दोन-चार दिवसांत सगळं आवरलं जातं. मावशीच्या बोटात काटा नव्हताच, त्यामुळे तो निघण्याचा प्रश्न नाही. सांध्याच्या आत सायनोव्हियम नावाचं एक अस्तर असतं, एरवी एक-दोन पेशींच्या जाडीचं, सांध्याला वंगण पुरवणारं. या आजारात तिथे पेशींची जत्रा भरते, अस्तर जाड होतं आणि कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. या पेशी एकमेकींना जे निरोप पाठवतात त्यात टीएनएफ आणि आयएल-६ ही दोन रसायनं मोठी. आयएल-६ रात्री उशिरा ते पहाटे वाढतं, म्हणून तर सकाळचा तो आखडलेपणा. म्हातारपणी गुडघे झिजतात त्यात सकाळची ताठरता दहा-पंधरा मिनिटांत जाते, इथे तास-दीड तास, कधी त्याहूनही जास्त. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि दुसरा, दोन्ही हातांची बोटं सारखीच दुखतात का.

हेच आयएल-६ लिव्हरला निरोप देतं की सीआरपी (सूज दाखवणारं प्रोटीन) बनव, म्हणून रिपोर्टमध्ये सीआरपी वाढलेलं दिसतं. आणि लिव्हर हेप्सिडिनही बनवतं, जे लोह पेशींमध्ये कुलूप लावून ठेवतं. जंतूंना लोह लागतं म्हणून त्यांची रसद तोडायची शरीराची ही जुनी युक्ती आहे, पण इथे जंतूच नाहीत, उपाशी राहतं ते आपलं हिमोग्लोबिन. मावशी सहा महिने बीट, खजूर आणि लोहाच्या गोळ्या खात होती आणि एचबी ९ च्या वर सरकत नव्हतं. सूज कमी झाल्यावर ते आपोआप चढलं.

टेस्टबद्दल एक सांगायलाच हवं. आरए फॅक्टर (आमवाताच्या शंकेने करतात ती रक्ताची टेस्ट) पॉझिटिव्ह म्हणजे आमवात असं नसतं. टीबीत, हिपॅटायटिस सी मध्ये, आणि धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही तो पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि उलट आजार असूनही निगेटिव्ह येतो. अँटी-सीसीपी ही टेस्ट त्यामानाने जास्त भरवशाची. प्रोटीनमधल्या आर्जिनिन या अमिनो ॲसिडचं सिट्रुलिन होतं, तसं बदललेलं प्रोटीन काही लोकांच्या इम्युनिटीला परकं वाटतं आणि त्याविरुद्ध अँटिबॉडी बनतात, कधीकधी सांधे दुखायच्या कित्येक वर्षं आधी. सिगरेटच्या धुराने फुप्फुसात हा बदल वाढतो, आणि ठरावीक एचएलए जीन्स (आपलं-परकं ओळखण्याशी संबंधित जीन्स) असतील तर धोका आणखी. बायकांना हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट होतो.

आणि हा शहरी, आरामात राहणाऱ्यांचा आजार अजिबात नाही. उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायला आपण ज्या भिगवणला जातो, तिथे पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सर्व्हे केला होता. चार हजारांवर मोठी माणसं तपासली, त्यात शंभरात अठराजणांना हाडं-सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं आणि दर दोनशेत साधारण एकाला आमवात. तुमच्या गावाची लोकसंख्या घ्या आणि करा हिशोब.

औषधांची गोष्ट तर अजूनच भारी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंचने १९२९ मध्ये पाहिलं की आमवाताच्या एका पेशंटला कावीळ झाली आणि सांधे चक्क बरे झाले. गरोदर बायकांचंही दुखणं बरेचदा थांबायचं. म्हणजे शरीरच काहीतरी बनवतंय जे हे थांबवतं, असा त्याने तर्क केला आणि जवळजवळ वीस वर्षं त्याच्या मागे राहिला. सप्टेंबर १९४८ मध्ये एका २९ वर्षांच्या बाईला, जिला धड हलता येत नव्हतं, कॉर्टिसोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली. १९५० ला हेंचला नोबेल मिळालं, केंडल आणि राइखस्टाइन या रसायनशास्त्रज्ञांबरोबर. आणि लगेच पाठोपाठ चेहरे गोल व्हायला लागले, हाडं ठिसूळ झाली, शुगर वाढली, औषध थांबवलं की दुखणं परत. गावाकडे सांधेदुखीवर जी बिननावाची पुडी मिळते, दोन दिवसांत घोड्यासारखं पळायला लावणारी, त्यात बरेचदा हेच स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइड वाईट नाही, थोडे दिवस डॉक्टरच्या हाताने घेतलं तर फार उपयोगी आहे, पण पुडीत किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

आज पहिलं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. मावशीच्या मुलाने गुगल केलं आणि घरात रडारड, कॅन्सरचं औषध लिहून दिलंय म्हणून. आहेच ते कॅन्सरचं. आंध्रातून अमेरिकेला गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ली लॅबमधून ही औषधांची जात आली आणि १९४७-४८ मध्ये यातलंच एक औषध अमेरिकेतल्या डॉक्टर सिडनी फार्बरने ब्लड कॅन्सरच्या मुलांना दिलं होतं. पण कॅन्सरचा डोस कुठे आणि इथले आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम कुठे. आठवड्याला, पुन्हा सांगते, आठवड्यातून एकदाच. ही गोळी चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलीत, तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरशी बोलून ती बंद करावी लागते.

त्यानेही भागलं नाही तर बायोलॉजिक्स, म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेली औषधं. लंडनमध्ये रविंदर मैनी (जन्म लुधियानाचा) आणि मार्क फेल्डमन यांनी दाखवलं की सांध्यातल्या त्या सगळ्या गोंगाटात टीएनएफ हा एक आवाज बंद केला तर बाकीचेही खाली येतात. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये पहिल्या पेशंट्सना टीएनएफ अडवणारी अँटिबॉडी दिली आणि गुण आला. पण टीएनएफ काही उगाच बनत नाही. आपल्याकडे असंख्य लोकांच्या फुप्फुसात टीबीचे जंतू झोपलेले असतात आणि त्यांच्याभोवती इम्युनिटीने पेशींची भिंत बांधलेली असते, ती भिंत उभी ठेवतं हेच टीएनएफ. ते काढून घेतलं की भिंत ढासळते. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब (तीच टीएनएफ अडवणारी अँटिबॉडी) घेतल्यानंतर टीबी झालेल्या ७० पेशंट्सची नोंद प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून इंजेक्शन द्यायच्या आधी छातीचा एक्सरे आणि टीबीची टेस्ट होते. ब्रेक किती दाबायचा याचा हा खरा हिशोब, आणि तो घरबसल्या करता येत नाही.

आता तो काढा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा पेशंट्सची माहिती प्रसिद्ध केली, कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले, आणि लिव्हरच्या तुकड्यात जे दिसलं ते ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं, म्हणजे इम्युनिटीनेच स्वतःच्या लिव्हरवर हल्ला केल्यासारखं होतं. पुढच्या वर्षी देशातल्या १३ सेंटर्सकडून अशा ४३ केसेस आल्या. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष नाकारला, गुळवेल सुरक्षित आहे असं त्यांचं म्हणणं. माझं मत विचाराल तर, लाखोंनी काढा प्यायला आणि बहुतेकांना काही झालं नाही हे खरंच आहे, पण ज्या बाईची इम्युनिटी आधीच स्वतःच्या अंगावर धावून जातेय तिला इम्युनिटी वाढवणारं काहीही पाजायची घाई कशाला? मावशीने काढा बंद केला. डाळ आणि दही परत सुरू केलं, त्याने बोटांना काही फरक पडला नाही पण जेवणाला पडला.

आता ती पोळ्या करते, चार डब्यांच्या नाही, दोन डब्यांच्या, कारण मुलगा पुण्याला गेला. उजव्या हाताचं एक बोट थोडं वाकडं राहिलंय, पहिल्या वर्षात वातावरची तेलं चोळण्यात जो वेळ गेला त्याचं ते. एकदा सूज उतरली म्हणून तिने स्वतःच्या मनाने गोळी बंद केली होती, सहा आठवड्यांत मनगट परत भरून आलं. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींच्या मध्ये, प्रत्येक रविवारच्या चौकोनात लाल पेनने मे लिहिलेलं असतं आणि बुधवारी फो, फॉलिक ॲसिडचा.