बेरीज कुठून सुरू केली?

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. लातूरला बी.एस्सी.ला माझ्या वर्गात होती, आता छत्रपती संभाजीनगरला पीएच.डी. करते. आवाज रडवेला झालेला. "सर, एकच फाईल, एकच कमांड, एकच लॅपटॉप, अन् एनर्जी दर वेळी वेगळी यायलीय. लोक म्हणायलेत, आकडे बनवून आणलेस."

तिने आकडे बनवले नव्हते. पण कॉम्प्युटर एका गणिताचं एकच उत्तर देतो, हा समज शिकल्यासवरलेल्यांतही पक्का आहे, आणि एखाद्या पोरीच्या खरेपणावर त्यापायी शंका घेतली जाते. म्हणून हे लिहितो आहे.

तिचं काम कॉम्प्युटरवर पाण्याची नक्कल चालवण्याचं. पाण्याचे तीन हजार रेणू, म्हणजे नऊ हजार अणू, साडेचार नॅनोमीटरच्या डबीत ठेवायचे. प्रत्येक अणूला शेजारचे अणू किती ओढतात, किती ढकलतात ते मोजायचं, त्या बळाने अणूंना इवलंसं सरकवायचं आणि पुन्हा मोजायचं. एका पावलाचा वेळ एक-दोन फेम्टोसेकंद, म्हणजे सेकंदाचा कल्पनेपलीकडचा बारीक तुकडा. एक नॅनोमीटरच्या आतले शेजारी धरले तरी एका पावलाला अठरा-एकोणीस लाख जोड्या होतात. प्रत्येक जोडीची ऊर्जा काढायची आणि सगळ्यांची बेरीज करायची.

घोळ त्या बेरजेत आहे.

आमच्या मोंढ्यात सोयाबीनचा ट्रक भुईकाट्यावर चढतो. काटा दहा-दहा किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो. भरल्या ट्रकवर एक ओंजळ सोयाबीन टाका, आकडा हलत नाही. आता समजा, काटेवाल्याने प्रत्येक ओंजळीनंतर पडद्यावरचा आकडाच खरा धरून पुढची ओंजळ त्यात मिळवायची, असा नियम केला. मग शंभर ओंजळी टाकल्या तरी ट्रकचं वजन तेवढंच राहणार. त्याच शंभर ओंजळी आधी पोत्यात भरून पोतं ट्रकवर टाकलं, तर मात्र काटा हलेल. माल तोच, वजन वेगळं. फरक पडला तो आधी काय मिळवलं याने.

कॉम्प्युटर दशांशी संख्यांची बेरीज नेमकी अशीच करतो. सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संख्या कमी जागेत लिहायच्या पद्धतीत, एका संख्येला २४ द्विमान अंक मिळतात, आपल्या हिशेबाने साधारण सात अंक. १,६७,७७,२१६ हा २ चा चोविसावा घात. त्यात १ मिळवला तर उत्तर येतं १,६७,७७,२१६. पंचविसाव्या अंकाला जागाच नाही, तो गोल करून टाकला जातो. असा १ शंभर वेळा मिळवा, आकडा जागचा हलणार नाही. आधी शंभर १ एकत्र करून मग मिळवले, तर १,६७,७७,३१६ येतात. डबल प्रिसिजनमध्ये ५३ द्विमान अंक असतात, तिथे हाच प्रकार पंधराव्या-सोळाव्या अंकाला होतो. पायथॉनमध्ये स्वतः करून पाहा: ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवले तर ०.६००००००००००००००१ येतात, ०.२ आणि ०.३ आधी मिळवून त्यांत ०.१ घातला तर स्वच्छ ०.६. शाळेत शिकलेला बेरजेचा साहचर्य नियम इथे लागू पडत नाही. प्रत्येक बेरीज कशी गोल करायची हे १९८५ सालच्या आयईईई ७५४ मानकाने ठरवून दिलं आहे. लाखो संख्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या, ते ज्याने-त्याने ठरवायचं.

पाण्यात तर ऑक्सिजन-ऑक्सिजनचं ढकलणं आणि ऑक्सिजन-हायड्रोजनचं ओढणं, दोन्ही आकडे मोठे आणि एकमेकांना खाणारे. वजाबाकीनंतर थोडकं उरतं, आणि गोल करताना झालेली चूक त्या उरलेल्या थोडक्यात ठळक दिसते. शिवाय लॅपटॉपचे आठ कोअर एकाच वेळी बेरजा करतात. ज्याचं आधी झालं त्याचं आधी मिळवलं जातं, आठ हमालांपैकी जो आधी पोचला त्याचं पोतं आधी पडावं तसं. असल्या नकला चालवणारं ग्रोमॅक्ससारखं सॉफ्टवेअर तर कोणता कोअर मागे पडतोय हे घड्याळावर पाहून चालू कामात अणूंची वाटणी बदलतं. क्रम दर वेळी निराळा. सातव्या अंकातला तो फरक अणूंच्या टकरींतून पटीपटीने वाढतो आणि थोड्याच पिकोसेकंदांत, म्हणजे काही हजार पावलांत, दोन वेळच्या डब्यांतले रेणू पार वेगळ्या जागी जातात. सरासरी ऊर्जा, घनता, तापमान मात्र जुळतं, आणि प्रयोगाशी ताडून पाहायची असते ती सरासरीच. यावर एक उपाय मला फार आवडतो: ॲम्बर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या ग्राफिक्स कार्डावरच्या आवृत्तीत ही बेरीज ६४ बिटांच्या पूर्णांकांत करतात. पूर्णांकांना क्रमाची पर्वा नाही.

पाण्याचे रेणू इतक्या झपाट्याने जागा बदलतात, त्यावरून इथेच एक सांगून ठेवतो. "ऊर्जाभारित", "आठवण ठेवणारं" पाणी म्हणून आमच्याकडेही बाटल्या विकल्या जातात, आजारी माणसाचे घरचे पैसे मोडून त्या घेतात. द्रव पाण्यातला हायड्रोजन बंध साधारण पिकोसेकंदभर टिकतो, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा. त्या पाण्याला कसली आठवण राहणार? असलं पाणी औषध म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

पण प्रत्येक फरक बेरजेच्या क्रमावर ढकलून मोकळं होता येत नाही. मी तिला म्हणालो, पावलंच टाकू नकोस. एकच चौकट, म्हणजे अणूंच्या जागांचं एका क्षणाचं चित्र, घे; शून्य पावलं, एक थ्रेड, म्हणजे बेरीज करणारा एकच हमाल, डबल प्रिसिजन. आणि एकूण ऊर्जा न पाहता बंध, कोन, व्हॅन डर वाल्स (अणूंचं जवळचं ढकलणं-ओढणं), कुलंब (विद्युतभारांचं) असं एकेक सदर ताडून बघ. चौकट संक्षिप्त एक्सटीसी फाईलमधून घेऊ नकोस; तिथे जागा नॅनोमीटरच्या तिसऱ्या दशांशापर्यंतच लिहिलेल्या असतात, तेवढ्यानेही ताठ बंधांची ऊर्जा बदलते. मग थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान धरून ठेवणारा भाग, काढून चालव आणि पाऊल निम्मं कर. अणू सरकवायच्या व्हर्लेच्या पद्धतीत एकूण ऊर्जेची थरथर पाऊल निम्मं केल्यावर एक चतुर्थांश व्हायला हवी. तशी झाली नाही तर चूक बळांत आहे, बहुधा कटऑफशी, म्हणजे शेजारी धरणं जिथे थांबवतो त्या अंतराशी, ऊर्जा एकदम तुटते तिथे.

तीन दिवसांनी तिचा पुन्हा फोन. एका थ्रेडवर उत्तर दर वेळी तेच आलं होतं. पण तीच चौकट ॲम्बरमध्ये घातली तेव्हा कुलंबच्या सदरात पाच किलोज्यूलचा फरक निघाला, बाकी सदरं जुळत होती. मी म्हणालो, दोन आकड्यांचा भागाकार कर. आला १.००००३५. मग मला उलगडलं. विद्युतभारांचा गुणाकार ऊर्जेत बदलणारा स्थिरांक किलोकॅलरी-अँगस्ट्रॉमच्या हिशेबात ॲम्बर ३३२.०५२२ धरतं, ग्रोमॅक्सचा ३३२.०६३७ पडतो. कार्म हे तिसरं सॉफ्टवेअर तर ३३२.०७१६ घेतं. फरक लाखात तीन-चार भागांचा, पण तिच्या डबीतली कुलंब ऊर्जा उणे दीड लाख किलोज्यूलच्या घरात होती. त्यावर पाच किलोज्यूल सहज होतात.

तिने एका बाजूचे भार त्या भागाकाराच्या वर्गमुळाने गुणले आणि पुन्हा चालवलं. रात्री मेसेज आला: "जुळलं सर. शेवटच्या दोन अंकांत अजून फरक आहे. तो बेरजेच्या क्रमाचा, राहू देते."