कोकणातील घरात फ्यूज पेटीची जागा

मीटरमधून आलेली वीज घरात वाटणारी आणि प्रत्येक भागाचा पुरवठा वेगळा तोडू शकणारी पेटी म्हणजे फ्यूज पेटी. बोलताना लोक तिला मेन बोर्ड, डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड) किंवा नुसते ‘बोर्ड’ म्हणतात. जुन्या घरांत सागवानी फळीवर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि लोखंडी मेन स्विच असे. आता त्या जागी एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज बाहेर झिरपू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेली बंद पेटी येते. बदलताना ती बहुतेक वेळा जुन्या फळीच्याच जागी ठोकली जाते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर ही सवय घातक ठरते. जुनी जागा कोणी विचार करून निवडलेली नसते. खांबावरून तार ज्या बाजूने आली तिथे, म्हणजे पडवीत वाशांखाली, वायरमनने बोर्ड लावला आणि त्यावर दोन-चार दिवे चालले. आज त्याच जागेवर फ्रिज, मिक्सर, गीझर, इन्व्हर्टर आणि विहिरीचा पंप यांचा भार येतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नैर्ऋत्येकडून येणारी झड पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या पडवीत आतपर्यंत पोहोचते. घर जांभ्या चिऱ्याचे असेल तर भिंतही पाणी पिते, कारण जांभा सच्छिद्र असतो. जोत्यातून ओल वर चढते, भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात. शिवाय समुद्रावरून येणाऱ्या हवेत मीठ असते. ते पत्र्याच्या पेटीला गंज चढवते आणि तांब्याच्या टोकांवर हिरवट थर आणते. असा थर बसलेला जोड नीट टेकत नाही, तापतो, आणि आतल्या आत काळा पडतो. एमसीबी जादा प्रवाह ओळखतो. सैल जोडाची उष्णता त्याला ओळखता येत नाही. म्हणून कोरडी जागा ही पहिली अट आहे. बाकीच्या अटी तिच्यानंतर येतात.

कोरडी भिंत उन्हाळ्यात ओळखणे कठीण असते. मे महिन्यात सगळ्याच भिंती कोरड्या दिसतात, आणि घरकाम काढण्याचा हंगामही तोच. खरे तर जागा जुलैत ठरवावी आणि काम दिवाळीनंतर करावे. भर पावसात भिंतीवर तळहात टेकवून पाहावा, बुरशीचे काळे डाग कुठवर आहेत ते पाहावे, कौलांचे दोन उतार जिथे मिळतात त्या पन्हळीखाली पाणी झिरपते का तेही पाहावे. ज्यांना उन्हाळ्यातच ठरवावे लागते त्यांनी भिंतीवर लोणा फुटल्याची पांढरी रेषा शोधावी. मागच्या पावसाळ्यात ओल कुठवर चढली होती हे ती सांगते.

दोन्ही बाजूंनी छपराखाली असलेली माजघराची आतली भिंत बहुतेक घरांत सर्वांत चांगली. मात्र तिच्या पलीकडे न्हाणीघर नसावे. स्वयंपाकघर तर टाळावेच. घरगुती वायरिंगच्या भारतीय मानकात (आयएस ७३२) गॅसच्या शेगडीवर, सिंकवर, न्हाणीघरात, संडासात किंवा स्वयंपाकघरात बोर्ड बसवू नये असे सांगितलेले आहे. चुलीची वाफ आणि फोडणीचा तेलकट धूर पेटीत थर धरतो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, आणि स्विच पाडताना ठिणगी उडू शकते.

पेटीची उंची जमिनीपासून २ मीटरच्या आत असावी आणि समोर १ मीटर मोकळी जागा राहावी. कोकणातल्या घरात ही मोकळी जागा सांभाळणे सोपे नाही. पडवीत फाटी रचली जातात, माजघरात भाताच्या कणग्या असतात, आणि गणपतीत मखर व आरास. ज्या भिंतीवर दरवर्षी गणपतीची चित्रे रंगवतात किंवा जिच्यापुढे माटवी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधतात, ती भिंत पेटीसाठी घेऊ नये. त्या दिवसांत रोषणाईचा भार वाढलेला असतो, घर माणसांनी भरलेले असते, आणि नेमकी तेव्हाच पेटी कापडी पडद्यामागे जाते. पेटीच्या आसपास सुके गवत, गोणपाट, सुकी फाटी ठेवू नयेत. भिंत कुडाची किंवा लाकडी फळ्यांची असेल तर मागे न जळणारा सिमेंटचा पत्रा द्यावा. लाकडी जिन्याखालची जागा रिकामी दिसते म्हणून मोह होतो. पण तिथे आग लागली तर माडीवरच्यांची वाट बंद होते.

पत्र्याच्या छपराला लागून उंचावर पेटी बसवणे ही आणखी एक नेहमीची चूक आहे. एमसीबीची क्षमता ३० अंश सेल्सियस तापमान धरून ठरवलेली असते. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली हवा त्याहून कितीतरी गरम होते आणि स्विच योग्य भारावरही पडतो. मग कोणीतरी मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसवून देतो, आणि तारेचे संरक्षण तिथेच संपते.

नदीकाठच्या गावांचा विचार वेगळा करावा लागतो. वाशिष्ठीकाठचे चिपळूण, सावित्रीकाठचे महाड, जगबुडीकाठचे खेड, अर्जुना-कोदवलीच्या काठचे राजापूर ही पुराची गावे आहेत. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतली तळमजल्यावरची घरे-दुकाने बुडाली. अशा ठिकाणी २ मीटर उंचीही पुरत नाही. मुख्य पेटी माडीवर न्यावी, तळमजल्याला स्वतंत्र एमसीबी द्यावेत, म्हणजे पाणी चढू लागताच खालचा पुरवठा वरून तोडता येतो. एकदा पुरात भिजलेले एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून पुन्हा वापरू नयेत. आतला गाळ निघत नाही आणि वेळेला स्विच पडेल याची खात्री उरत नाही.

जागेची निवड अर्थिंगशी, म्हणजे दोषाची वीज जमिनीत सोडणाऱ्या जोडणीशीही बांधलेली आहे. कातळावरच्या घरांत जमीन वीज सहज घेत नाही. अर्थिंगचा रोध १० ओहम असेल तर २३० व्होल्टला दोषाचा प्रवाह जेमतेम २३ अँपिअर होतो. घरगुती १६ अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे पंपाच्या किंवा वॉशिंग मशिनच्या अंगात वीज उतरली तरी एमसीबी बराच वेळ तसाच राहू शकतो. इथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीच जीव वाचवतो. पावसाळ्यात तो वारंवार पडतो म्हणून त्याला वगळून तार जोडणाऱ्यांची संख्या कमी नाही. तो पडतो याचा अर्थ कुठेतरी ओलीतून वीज झिरपते आहे. ती जागा शोधायची असते. अर्थिंगचा खड्डा ओल टिकणाऱ्या जागी, उदाहरणार्थ माडाच्या आळ्याजवळ घ्यावा, आणि पेटीपासून तिथवरची तार शक्य तितकी आखूड व सरळ ठेवावी.

काही घरांत पडवीखेरीज पर्याय नसतो. तिथे लोखंडाऐवजी पॉलिकार्बोनेटची (मजबूत प्लास्टिकची), आयपी ६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणारी पेटी घ्यावी. वरच्या बाजूला भोक पाडले की त्या दर्जाचा काही उपयोग राहत नाही. केबल खालूनच आत घ्यावी, आधी तिला खाली झोळ द्यावा, तोंडाशी ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारे बूच) बसवावा. बाहेरून चढत आलेला प्लास्टिकचा पाइप थेट पेटीत सोडला तर तोच पाणी आत आणतो. तो बंद केलेला नसेल तर मुंग्याही त्यातूनच येतात. पेटी भिंतीला चिकटवू नये. मागे बोटभर फट ठेवली की हवा खेळते, ओल पोहोचत नाही आणि वाळवी चढली तर दिसते.

मुंबईकरांची वर्षातले बरेच महिने बंद राहणारी घरे गावोगावी आहेत. तिथे पेटी कुलूपबंद खोलीत असली तरी मीटरशेजारी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा तोडणारा स्विच हवा, म्हणजे शेजाऱ्याला दार न फोडता पुरवठा बंद करता येतो.

मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या, मीटरकडून येणाऱ्या टोकांत वीज असतेच. त्यामुळे पेटी हलवण्याचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांचीही तीच अपेक्षा आहे. मीटर सरकवायचा असेल तर महावितरणकडे अर्ज करावा लागतो. सील स्वतः तोडू नये. जुन्या जागेवरच्या आखूड पडलेल्या तारा वाढवताना जोड भिंतीत पुरू नयेत, झाकण उघडता येईल अशा जंक्शन बॉक्समध्ये कनेक्टर लावून करावेत. ज्या तारा आता लागत नाहीत त्या नुसती टेप गुंडाळून सोडू नयेत, मुळापासून काढून टाकाव्यात.