पायची कड आणि एक दोरा

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला माझा भाऊ राहतो. त्याच्या घरी १४ मार्चला सकाळी सातलाच ओव्हन तापायला लागतो, कारण दुपारी १ वाजून ५९ मिनिटांनी पाय (pie) कापायचा असतो. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो. म्हणून ही तारीख ३/१४, त्यापुढे १:५९ ही वेळ, म्हणजे पाच दशांश स्थळांपर्यंतचा π (पाय), वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागून येणारी संख्या: ३.१४१५९. फळांचं सारण भरून भाजलेला तो गोल पदार्थही पायच. एवढ्या उच्चारसाम्यावर 'पाय डे' हा सण उभा आहे.

सुरुवात तिथून जवळच झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. १९८८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका वर्तुळाकार जागेभोवती फेरी मारली आणि मग फळांचे पाय खाल्ले. २००९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने या दिवसाला पाठिंब्याचा ठराव केला आणि २०१९ मध्ये युनेस्कोने हाच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिन ठरवला. पण मला अजूनही त्याची खरी जागा स्वयंपाकघरच वाटते.

मी गेले त्या वर्षी नेमका शनिवार होता. पारीचं पीठ वहिनीने आदल्या रात्रीच मळून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. ते करताना मी शेजारी उभी होते आणि माझा हात सारखा शिवशिवत होता. आपण करंजीला कडकडीत तुपाचं मोहन घालतो, पिठाला चोळतो आणि मुटका वळला की समाधान मानतो. वहिनीने उलट केलं. फ्रीजमधलं घट्ट बटर मैद्यात वाटाण्याएवढे तुकडे राहतील इतकंच चुरलं आणि बर्फाच्या पाण्याचे चार-पाच चमचे शिंपडून पीठ नुसतं गोळा केलं. मळलं असं म्हणताच येणार नाही.

दोन्हीकडे स्निग्ध पदार्थ मैद्यातच जातो, पण काम वेगळं करतो. मैद्यातली प्रथिनं पाणी मिळालं आणि मळलं गेलं की एकमेकांना धरून ग्लुटेनचं चिवट जाळं विणतात. गरम मोहन पिठाच्या कणाकणावर बसतं, पाण्याला आत जाऊ देत नाही, म्हणून जाळं तोकडं राहतं आणि करंजी खुसखुशीत होते. थंड बटरचे तुकडे मात्र लाटताना चपटे होऊन पिठाच्या थरांमध्ये पसरतात. ओव्हनच्या दोनशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेत ते वितळतात आणि जागा मोकळी होते. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं. त्याची आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १६०० पट जागा मागतं, आणि त्या रेट्याने पदर सुटतात. चिरोट्यात साटा लावून आपण हेच साधतो. फरक एवढाच, की तिथे पदर हाताने रचलेले असतात. बटर हातातच पाघळलं, तर पाय बिस्किटासारखा ठिसूळ होईल, पण पदर सुटणार नाहीत.

सारणाची बाजू शेजारच्या आजींनी सांभाळली. सफरचंदाच्या फोडींना साखर लावली की पाणी सुटतं. त्या पाण्याला बांधायला त्यांनी कॉर्नफ्लॉर घातलं. स्टार्चचे कण गरम रसात फुगतात, पण रस खरा आळतो तो निवल्यावर. गरम पाय कापला की सारण ताटभर पळतं, ते यामुळेच. म्हणून ही सकाळी सातची घाई: तासभर भाजणं आणि मग निदान तीन-चार तास निवणं. वरच्या पारीला वाफ जायला चिरा लागतात. भावाने तिथे सुरीने π कोरला.

पाय निवेपर्यंत भाचीने दोरा आणला. ती नऊ वर्षांची आहे. ताटलीच्या काठाभोवती दोरा गुंडाळून तिने तो पट्टीवर धरला: ७२ सेंटीमीटर. व्यास २३. भागाकार आला ३.१३. ती हिरमुसली. "आत्या, चुकलं ना?" मग आम्ही व्यास पुन्हा नीट मोजला, तर २२.९ निघाला. आता आलं ३.१४४. एका मिलिमीटरने उत्तर π च्या अलीकडून पलीकडे गेलं! इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटांनी नियम सांगितला तो एखाद्या पाककृतीसारखाच आहे: १०० मध्ये ४ मिळवा, ८ ने गुणा, ६२००० मिळवा. हा झाला २०००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ, म्हणजे ३.१४१६. आणि त्यांनी त्याला 'आसन्न', म्हणजे जवळपासचं, म्हटलं. तो एक शब्द मला त्या आकड्याइतकाच मोलाचा वाटतो. आपल्या शाळेतला २२/७ सुद्धा आसन्नच, पण ३.१४ पेक्षा π च्या थोडा अधिक जवळचा. आपण तारीख दिवस आधी लिहितो, तेव्हा २२ जुलैला आपल्याकडेही एक पाय भाजायला हरकत नाही.

मग भाचीनेच विचारलं, की ९ इंची एका पायऐवजी ६ इंची दोन केले असते तर जास्त मिळालं असतं का? सहा नि सहा बारा, तेव्हा टेबलावरच्या बहुतेकांनी हो म्हटलं. पण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. एका मोठ्याचं सुमारे ६३.६ चौरस इंच, दोन छोट्यांचं मिळून ५६.५. म्हणजे सारण मोठ्यातच जास्त. कडेचा हिशेब मात्र उलटा: मोठ्याला २८ इंच, दोन छोट्यांना मिळून जवळजवळ ३८. भाचीला कडच आवडते, त्यामुळे पुढच्या वर्षी छोटे दोन, हे तिथेच ठरलं.

१:५९ ला भावाने सुरी चालवली. माणसं आठ होती. भाचीने तोच दोरा दुमडला, पुन्हा दुमडला, तिसऱ्यांदा दुमडला, आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेला लावून पाहिला: ९ सेंटीमीटर, जवळपास. दोऱ्याला दालचिनीचा वास लागला होता.